काळा यायचाय अजून

बुधवारी दुपारी अण्णा गॅलरीत परात घेऊन बसले होते. परातीत कोमट पाणी, पाण्यात जाड काचेची एक जुनी बाटली आडवी, आणि बाटलीच्या पोटाला चिकटलेली मी. चार वर्षांची, कपाळावर झिपऱ्या, पुढच्या दातावर बोट ठेवून हसणारी. माझ्या डोक्यावर अर्धगोलात 'ठकी छाप' आणि हनुवटीखाली 'काळे दंतमंजन'. बाटली कुदळवाडीच्या एका भंगारवाल्यानं अण्णांसाठी बाजूला काढून ठेवली होती. "ओढायचं नाही," अण्णा पाण्याकडे बघत म्हणाले. हे वाक्य ते मला उद्देशून म्हणत की लेबलला, हे मला इतक्या वर्षांत कळलेलं नव्हतं. "खळीनं चिकटवलंय. तिला भिजू द्यायचं. कंटाळली की आपणच सोडते." परीक्षा संपल्यामुळे ताथवड्याला आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात कुणी फिरकत नव्हतं, म्हणून मी लवकर घरी आले होते आणि चहाचा कप हातात धरून दाराच्या चौकटीशी उभी होते. माझं तोंड काचेवरून सुटत होतं. आधी एक कोपरा उचलला गेला, मग कान, मग अख्खा चेहरा पाण्यावर आला आणि हलत राहिला. अण्णांनी तो दोन्ही तळव्यांवर झेलला, खिडकीच्या एका जुन्या काचेवर पालथा घातला आणि वरून टिपकागद दाबला. लेबल वाळलं की दुसऱ्या दिवशी ते शून्य नंबरच्या ब्रशानं त्या चेहऱ्याच्या डाव्या गालावर काळ्या शाईची तीट लावत. बाळाला दृष्ट लागू नये म्हणून लावतात तशी, राईएवढी. मग ते लेबल पलंगाखालच्या ट्रंकेत जाई. त्या ट्रंकेत मी शेकड्यांनी पडून होते, आणि प्रत्येकीच्या गालावर तीट होती.

लोक अण्णांना संग्राहक समजत. योगिनीही आधी तसंच समजली होती. योगिनी डिझाइनच्या कॉलेजात शिकवते, जुनी लेबलं गोळा करते आणि ती काढणाऱ्या माणसांची नावं शोधत फिरते. नावं सापडत नाहीत, कारण लेबलवर सही नसते. "सही केली तर माल तुझा का माझा, असं मालक विचारायचा," अण्णा तिला सांगायचे. त्यांनी चिंचवड स्टेशनजवळच्या एका छापखान्यात हयात काढली होती. साबण, अगरबत्ती, केसांचं तेल, पापड, मेणबत्त्या, उदबत्तीच्या पुड्यावरचा मोर, सगळं त्यांच्या किंवा त्यांच्या शेजारच्या टेबलावरून गेलेलं. योगिनी फायली उघडून बसायची आणि अण्णा बोटानं दाखवायचे: "हा हात साळुंख्याचा. हत्तीला माणसाचे डोळे काढायचा तो. म्हणायचा, हत्तीकडे कोण एवढं बघतंय! हा माझा. हा पण माझाच, पण घाईतला, देवीची करंगळी बघ." सगळं ते तिला मोकळ्या हातानं देऊन टाकत. ठकी मात्र कधी दिली नाही. चिंचवडला भरणाऱ्या प्रदर्शनात तिला ठकी भिंतीएवढी मोठी करून लावायची होती, खाली अण्णांचं नाव घालून. अण्णा म्हणाले, "बाकी काय पाहिजे ते लाव. ती नको." का, ते त्यांनी सांगितलं नाही, आणि मला माहीत असूनही मी सांगितलं नाही.

त्या बुधवारी तिचाच फोन आला. अण्णांनी फोन स्पीकरवर टाकला, कारण त्यांचे हात ओले होते. "काका, ठकी सापडली! चाकणला, म्हाळुंग्याकडे एका शेडमध्ये. बाटलीवरची नाही हो, कोरी. न कापलेले ताव आहेत, एकेका तावावर ओळीनं ठकीच ठकी. गठ्ठ्यांवर गठ्ठे." "किती असतील?" अण्णांनी विचारलं. "मोजलं कोणी? टेम्पो लागेल काका, टेम्पो!" ती हसत होती. अण्णांनी हात कोरडे केले, पुन्हा पाण्यात घातले, पुन्हा कोरडे केले. फोन बंद झाल्यावर मी म्हटलं, "टेम्पोभर मी! ठेवणार कुठे मला?" एरवी ते हसले असते. त्यांनी वर बघितलं आणि विचारलं, "घाबरलीस का गं?" मी म्हटलं, "छे, कशाला?" "नाही, सहज विचारलं. रविवारी जाऊ या का?" "जाऊ की." मग त्यांनी काचेवरचा टिपकागद पुन्हा एकदा दाबला. "मी एकटा माणूस..." असं काहीतरी म्हणाले आणि थांबले. "काय अण्णा?" "काही नाही. अर्धा कप दे अजून, साखर टाक त्यात, डॉक्टर काय इथं बसलेला नाही."

संध्याकाळी आम्ही भाजी आणायला रहाटणी फाट्यापर्यंत चालत गेलो. अण्णा माझ्या डावीकडून चालत होते. माझा डावा कान लहानपणीच गेला, आणि तेव्हापासून रस्त्यावर अण्णा नेहमी माझ्या डावीकडे. काही बोलायचं असलं की उजवीकडे येत, बोलून झालं की पुन्हा मागून वळसा घालून डावीकडे जात. बघणाऱ्याला वाटावं, हा म्हातारा पोरीभोवती प्रदक्षिणा घालतोय. गवारीचा भाव ऐकून ते उजवीकडे आले, "सोनं परवडलं," म्हणाले आणि परत गेले. त्यांचं मला शेवटचं आठवणारं वाक्य गवारीबद्दलचं आहे. त्यानंतर रात्रीच्या जेवणात आम्ही बोललो असणारच, पण ते मला आठवत नाही. गुरुवारी सकाळी अण्णा उठले नाहीत.

एका कानानं ऐकणाऱ्याला आवाज कुठून आला हे कळत नाही. हे लोकांना सांगितलं तर पटत नाही. त्यांना वाटतं, निम्मं ऐकू येत असेल एवढंच. मला आवाज पूर्ण येतो, पण त्याला जागा नसते. स्वयंपाकघरात पडलेलं झाकण आणि जिन्यात पडलेलं झाकण माझ्यासाठी एकाच ठिकाणी, माझ्या उजव्या कानात, पडतं. इतकी वर्षं याचा त्रास झाला नाही, कारण घरातला प्रत्येक आवाज अण्णांचा होता. खोकला त्यांचा, खुर्ची सरकली ती त्यांनी, नळ सोडला तो त्यांनी. आता आवाज होत होतेच, पण ते कुणाचे नव्हते. भर दुपारी काहीतरी खरखरायचं आणि मी हातातलं पुस्तक तसंच धरून, मान न हलवता, ते पुन्हा होण्याची वाट बघत राहायचे. पुन्हा व्हायचं. मग मी एकेका खोलीत जायचे. खोल्या जशाच्या तशा असायच्या. रस्त्यावर तर डावी बाजू भिंत पाडून टाकल्यासारखी उघडी पडली होती. काळेवाडी फाट्याकडून येणारा दुचाकीवाला माझ्या खांद्याजवळून जाईपर्यंत मला नसायचाच, आणि मग एकदम असायचा. मी सारखी डावीकडे वळून बघायला लागले, मान दुखायला लागली. शेजारच्या सुमनताई पिठलं घेऊन आल्या, अण्णांच्या खुर्चीवर न बसता वेताच्या मोड्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "सोबतीला येऊन निजू का गं इंद्रायणी? एकटी घाबरशील." मी म्हटलं, "नाही हो. कशाला उगीच तुम्हाला त्रास." त्या उठल्या. "बापावर गेलीस," म्हणाल्या. त्या गेल्यावर मी दाराला आतून कडी घातली, साखळी लावली, आणि मग मला वाटलं की जे काय आहे ते आतच असेल तर?

गॅलरीतली काच मला दहावा झाल्यावर दिसली. येणाऱ्याजाणाऱ्यांनी ती परातीसकट कोपऱ्यात सरकवली होती. टिपकागद उडून गेला होता आणि लेबल वाळून काचेवरून आपोआप सुटलं होतं, कडा वर आलेल्या. मी ते उलटं केलं. स्वच्छ निघालं होतं, एकही चीर नाही. दातावर बोट ठेवून ती हसत होती आणि तिचा डावा गाल कोरा होता. मी पुष्कळ वाचलेली बाई आहे. दृष्ट, तीट, उतारा, यांच्याबद्दल शास्त्रीय काय ते मला माहीत आहे, त्यावरची पुस्तकं मी स्वतः वर्गीकरण करून कपाटात लावली आहेत. शाईची बाटली अण्णांच्या टेबलावर होती, ब्रश पेल्यात उभा होता. ठिपका द्यायला किती वेळ लागतो! पण दिला तर मी ते मान्य केलं असं झालं असतं. आणि न देता ट्रंकेत टाकलं असतं तर तेवढीच एक उघड्या तोंडानं पलंगाखाली, माझ्या पाठीखाली, राहिली असती. मी ते लेबल ग्रंथालयाच्या एका लिफाफ्यात घातलं आणि लिफाफा पर्समध्ये ठेवला. कॉलेजला नेला, परत आणला, दुसऱ्या दिवशी पुन्हा नेला. बसमध्ये पर्स मांडीवर धरली की तळव्याला वाटायचं, आतून काहीतरी दातावर बोट आपटतंय.

मला पहिली भीती कशाची वाटली ते मला नक्की आठवतं. बाकीच्यांच्या आठवणीत अंधार, कुत्रा, विहीर असली काहीतरी असते. मी छापखान्यात होते, अण्णांच्या टेबलाखाली, रॉकेलच्या आणि शाईच्या वासात. त्यांनी मला बाहेर बोलावलं आणि एक कागद माझ्यासमोर धरला. "ओळख बघू, कोण?" कागदावर एक गोल पिवळट नारिंगी तोंड होतं. केसांच्या जागी फिकट ढग, भुवया नाहीत, ओठांची रेघ नाही, आणि डोळ्यांच्या जागी नुसती गुळगुळीत कातडी. तरी ती मी होते. ते कसं कळलं हे सांगता येणार नाही, पण स्वतःला कळतं. मी माझ्या डोळ्यांना हात लावून बघितला. अण्णा खाली बसले, त्यांची नजर माझ्या नजरेच्या पातळीत आली. "घाबरलीस?" मी मान हलवली, नाही. "शहाणी आहे माझी बाय. आधी पिवळा छापतात, मग लाल. हे तेवढंच झालंय. निळा यायचाय, आणि काळा यायचाय अजून. काळा सगळ्यात शेवटी येतो. डोळे, केस, सगळं काळ्यात असतं. तो आला की तू येशील." मी घाबरले नाही याचा त्यांना इतका आनंद झाला होता की त्यांनी ते मशीनवाल्याला सांगितलं, बाइंडरला सांगितलं, घरी आईला सांगितलं. घाबरत नाही ही माझी ओळख तिथे छापली गेली. पुढे शाळेत मुलं "ए ठकी, दात दाखव" म्हणत मागे लागली तेव्हा, बोर्डाच्या परीक्षेला, आईला शेवटचं दवाखान्यात नेलं तेव्हा, ठरलेलं लग्न मोडलं तेव्हा, प्रत्येक वेळी अण्णा माझ्या उजवीकडे येऊन विचारायचे, घाबरलीस का. नाही. त्यांच्या खांद्यांवरचं काहीतरी उतरायचं. ते बघितल्यावर दुसरं उत्तर देता येण्यासारखं नव्हतंच.

काळ्यात आणखी एक गोष्ट होती. अण्णांच्या छापखान्यातल्या चित्रकारांचा एक रिवाज होता: मूल काढायचं तर चार मुलांचं मिळून एक काढायचं, कुणाचं तरी नाक, कुणाचे तरी गाल. घरातलं मूल जसंच्या तसं लेबलवर घालायचं नाही. लेबल गटारात जातं, पायाखाली येतं, शिवाय दुकानातून जाणारा-येणारा प्रत्येक जण त्याच्याकडे बघतो. आणि घातलंच, तर गालाला तीट लावायची. ती काळ्या रंगाच्या छपाईच्या फिल्मवर असायची, आणि सगळ्यांना माहीत असायची. मंजनवाल्याला हसणारं पोर घाईनं हवं होतं, मी टेबलाखालीच होते, अण्णांनी मला काढलं. डाव्या गालाला तीट लावली. काळा मशीनवर चढायचा तो बुधवार होता. आपल्याकडे गुरुवारी कारखान्यांची वीज बंद, सुट्टी. म्हणून बुधवारी संध्याकाळी मशीनवर असेल ते काम संपवून टाकायची सगळ्यांची धडपड. अण्णा घरी गेले होते. फिल्मवरचे धुळीचे डाग पातीनं खरवडून काढणारा जुना माणूस गावी गेलेला, त्याच्या जागी नवा. त्याला गालावर एक डाग दिसला. त्यानं तो फार काळजीपूर्वक काढला. शुक्रवारी अण्णा कामावर आले तेव्हा ताव बांधून मंजनवाल्याच्या टेम्पोतून गेलेसुद्धा होते. आणि महिना उलटायच्या आत मला ताप भरला, मेंदूपर्यंत गेला म्हणाले, मी वाचले, डावा कान वाचला नाही. डाव्या गालाच्या बाजूचा. आई अण्णांना एकदाच म्हणाली, मी पलंगावर होते आणि उजवा कान वर होता: "लोकांच्या मोऱ्यांत नेऊन ठेवलीत पोरगी. उघड्या तोंडानं." पुन्हा या घरात तो विषय निघाला नाही. अण्णा बाटल्या आणायला लागले.

हे सगळं कळत असून मी त्यावर विश्वास ठेवत नव्हते, आणि तरी बरं चाललं होतं, कारण माझ्या वतीनं भिणारं माणूस घरात होतं. आता ते काम रिकामं पडलं होतं. मला पोळत होतं ते हे, की अजून किती मोऱ्यांत, किती फळ्यांवर, किती बंद दुकानांच्या कपाटांत मी उघडी आहे हे कुणालाच ठाऊक नाही; आणि चाकणला तर टेम्पोभर. योगिनी भेटायला आली तेव्हा ती रडली, मी तिला पाणी दिलं. मग नाक पुसत म्हणाली, "ताई, वेळ बरोबर नाही, पण प्रदर्शन जवळ आलंय. काकांचं नाव पहिल्यांदा कुठेतरी लागेल. आणि ते ठकीशिवाय लावायचं म्हणजे... त्या हसण्यात सगळं आहे हो त्यांचं. भिंतीवर लावू का? तुम्ही नाही म्हणालात तर नाही." मी विचारलं, "भिंत केवढी आहे?" तिनं हात वर केला, मग आणखी वर केला. ती पुढे बोलत होती, "आणि गंमत म्हणजे तिची दुसरी छपाईपण आहे. गालावर ठिपका असलेली. काकांकडे एकदा ओझरती दिसली होती, फार दुर्मीळ असणार, संग्राहकांत कुणाकडेच नाहीये." मला हसू आलं, ते रडण्यासारखं बाहेर पडेल म्हणून मी कप उचलून आत गेले. आतून म्हटलं, "आधी चाकणला जाऊ. बघू दे मला."

त्यानंतरच्या रविवारी तिच्या गाडीतून निघालो. मोशीच्या पुढे रस्ता ट्रकांनी भरलेला होता. नव्या कोऱ्या गाड्या लादलेले लांबच लांब ट्रेलर, कंपन्यांच्या बसगाड्या, कांद्याच्या गोण्यांवर ताडपत्री टाकलेले टेम्पो. माझा गेलेला कान खिडकीकडे होता. ट्रक माझ्या डावीकडून मुकाट वर यायचे, काच अंधारी व्हायची, मग पुन्हा उजेड. योगिनी बोलत होती, मी हो हो म्हणत होते आणि पर्स धरून होते. पर्समध्ये लिफाफा होता, आणि लिफाफ्याशेजारी, रुमालात गुंडाळून, अण्णांची शाई आणि शून्य नंबरचा ब्रश. निघताना मी ते घेतलं होतं आणि आपण काय घेतोय इकडे बघितलं नव्हतं.

शेड भिमाजींची होती. म्हातारा गडी, पांढरी टोपी, कानाशी फोन, फोनवर कुणालातरी गाळ्याबद्दल सुनावत होता. आम्हाला बघून त्यांनी फोन खिशात घातला. "या ताई, या. मंजनवाला भाड्यानं व्हता हितं. शेट गेला, मंजन गेलं, कागुद तेवढा ऱ्हायला. आता शेड पाडायची हाय, कंपनीला गाळा द्यायचाय. तुमी न्ह्या न्हाईतर बंबात जाईल." आत कांद्याचा आणि जुन्या कागदाचा वास होता, आणि लाईट नव्हता, पत्र्याच्या भोकांतून उन्हाचे दोरे आले होते. गठ्ठे माझ्या छातीपर्यंत रचलेले, भिंतीपासून भिंतीपर्यंत. मी आत पाऊल टाकलं आणि लगेच कळलं की माझ्या पर्समधला ब्रश किती मूर्ख आहे. अण्णांचं सगळं आयुष्य, माझं उरलेलं आयुष्य, रोज बसून तीट लावली तरी या शेडचा एक कोपरा झाला नसता. बुधवारी परातीसमोर "मी एकटा माणूस" म्हणून ते का थांबले ते मला तिथे समजलं. योगिनीनं एका गठ्ठ्याची सुतळी कापली. वरचे ताव मशीन लावताना वाया गेलेले असतात, ते गठ्ठ्यावर संरक्षणाला टाकतात. तिनं ताव उचलून उन्हाच्या दोऱ्याखाली धरला. पिवळा आणि लाल. ओळींमागून ओळी, गोल तोंडं, केसांच्या जागी ढग, आणि एकाही तोंडाला डोळे नव्हते. "बाप रे, काय सुंदर!" योगिनी म्हणाली. माझा हात माझ्या डोळ्यांकडे गेला. त्याच वेळी काहीतरी धाडकन पडलं, आणि नेहमीसारखं ते सगळीकडून पडलं, गठ्ठ्यांमागून, पत्र्यावरून, माझ्या आतून. "घाबरला व्हय ताई?" भिमाजी म्हणाले. "घूस हाय. कांद्याला येती." मी म्हटलं, "नाही."

ते माझ्याकडे बघत राहिले, मग योगिनीच्या हातातल्या तावाकडे. "ही पोर म्हंजी आमच्या घरातलीच की. डोळं आल्यालं हाय आमच्याकडं, चला दावतो." शेडच्या पाठीमागे त्यांचं जुनं दोन खोल्यांचं घर होतं, आता त्यात खतांच्या रिकाम्या गोण्या आणि मोडकी मोटर. माजघरात आढ्याला पाळण्याच्या दोन कड्या होत्या. कड्यांखाली, बसलेल्या बाईचा हात पोचेल एवढ्या उंचीवर, धुरानं तपकिरी झालेल्या भिंतीवर ठकीचं लेबल डकवलेलं होतं. आणि तिच्या गालावर तीट होती. अण्णांसारखी नेमकी नव्हे. उजव्या गालावर, ओबडधोबड, पावलीएवढी, थरावर थर चढून खपलीसारखी फुगलेली. "आमची आई, चतुराबाई," भिमाजी म्हणाले. "शेटनं दिलेलं चित्र, पोरास्नी बघाया लावलं. आई रोज दिव्यावं काजळ पाडायची. पाळन्यातल्याला लावलं का उरल्यालं बोट हिच्या गालाला. आमी हसायचो. म्हनलं, आगं आये, कागदाला कसली दिष्ट? तर म्हनायची, कुनाची का आसंना, लेक हाय. आसं उघडं तोंड बरं न्हाई दिसत. माझी पोरं झाली, पोरांची पोरं झाली, शेवटपातूर लावत व्हती बघा."

माझ्या उजवीकडे योगिनीचा श्वास ऐकू आला. ती हळूच म्हणाली, "ताई... काकांकडचा तो ठिपका..." मी पुढे झाले. त्या म्हातारीनं मला कधी बघितलं नव्हतं. मी तापात पडले होते तेव्हा, शाळेत मुलं दात दाखव म्हणत होती तेव्हा, मी छे, कशाला, म्हणत होते तेव्हा, ही बाई इथे या भिंतीशी बसून रोज माझ्यासाठी भीत होती, कुणी न सांगता. मी गालाला बोट लावलं. इतक्या वर्षांचं काजळ, तरी तेलकट होतं. बोटाला काळं लागलं. "भिंतीवर ही लाव," मी योगिनीला म्हटलं. "हीच. या काजळासकट." माझा आवाज बरा आला होता, पण काळं बोट वर धरून मी तशीच उभी राहिले, ते पुसायचं कुठे ते कळेना. पर्समध्ये ती कोरी पडून होती. पलीकडे शेडमध्ये त्या सगळ्या पडून होत्या. भिमाजींनी गोणी झटकून माझ्यापुढे सरकवली. "बसा ताई. घाबरलात का वं?"

नाही, एवढं जिभेवर तयारच होतं. मी डावीकडे वळले. तिकडे मोडकी मोटर होती, गोण्या होत्या, आणि काहीही ऐकू येत नव्हतं.

"हो," मी मोठ्यानं म्हणाले. "मला भीती वाटते, अण्णा. पहिल्यापासून वाटते."